हेल्मेटात खुपसलेला फोन

या विषयावरच्या भागात एक गोष्ट सांगायची मी टाळली होती. रेकॉर्डिंग संपल्यावर सहकारी म्हणाली, निदान लिहिताना तरी सांग. तर सांगतो.

मस्कतला, अल खुवैरमध्ये एका मित्राकडे उतरलो होतो. रात्रीचे साडेनऊ वाजलेले, दोघांनाही स्वयंपाकाचा कंटाळा. फोनवरून जेवण मागवलं. नकाशावरची ती छोटीशी बाइक आमच्या इमारतीपासून दोन गल्ल्यांवर येऊन नुसती घुटमळत होती. मी फोन लावला. "भैया, किधर हो?" पलीकडून वाऱ्याचा आवाज आणि "बस सर, पहुँच गया." दोन मिनिटांनी पुन्हा लावला. या वेळी मी त्याला रस्ता समजावून सांगत होतो, डाव्या हाताला फार्मसी लागेल, तिच्या पुढून वळ, आणि मधेच काहीतरी घासत गेल्याचा आवाज आला. फोन कट झाला नव्हता. मी आपला "हॅलो, हॅलो" करत राहिलो.

पंधरा मिनिटांनी तो दारात उभा होता. कोपर सोललेलं, पिशवीतून रस्सा ठिबकतोय. पुढच्या गाडीने ब्रेक मारला, याचं लक्ष उशिरा गेलं आणि बाइक घसरली, एवढंच. हेल्मेटच्या आत, उजव्या कानाशी, फोन अजून तसाच खुपसलेला होता. म्हणाला, "सॉरी सर, करी गिर गया. कंप्लेंट मत करना." तो मूळचा कुठला, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

पोलिसांनी त्या रात्री पंचनामा केला असता तर कागदावर काय आलं असतं, ते उघड आहे: चालक फोनवर बोलत होता. ते खरंच होतं. पण तो बोलत होता माझ्याशी, आणि फोन मी केला होता. या लेखात मला नेमकं हेच उलगडून बघायचंय. दुचाकीवरच्या माणसाच्या कानाशी फोन आला कसा, आणि त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण कोण होतं?

सुरुवात ओमानपासूनच करू, कारण या देशाचा रस्त्यांचा इतिहास इतका तरुण आहे की तुमच्या आजोबांच्या वयाचा माणूस तो पहिल्यापासून सांगू शकेल. सुलतान काबूस २३ जुलै १९७० ला गादीवर आले, तेव्हा साऱ्या देशात मिळून जेमतेम १० किलोमीटर डांबरी रस्ता होता असं सांगतात. जुन्या मस्कतच्या वेशीचे दरवाजे रात्री बंद व्हायचे, आणि अंधार पडल्यावर गावात फिरायचं तर हातात कंदील हवाच, असा नियम होता. (त्या वर्षापर्यंत तिथल्या बाजारात भारतातून छापून जाणारे आखाती रुपये चालत होते, हे जाता जाता. मुंबई आणि मस्कत ही एकमेकांच्या किती जवळची गावं होती, त्यावर आमचा एक भाग आधी झालाय.)

तेलाची निर्यात १९६७ पासून सुरू झाली होती. काबूस आल्यावर त्या पैशातून शाळा, दवाखाने आणि रस्ते बांधले गेले. रस्ते तर असे, की एका पिढीत देश उंट-गाढवांवरून थेट सहा पदरी महामार्गावर आला. युरोपात घोडागाडी, सायकल, ट्राम, मोटार असे टप्पे पडत गेले, आणि प्रत्येक टप्प्यावर माणसं मरून, भांडून, नियम करून थोडी शहाणी झाली. ओमानला तेवढा वेळच मिळाला नाही. २०१२ या एका वर्षात तिथल्या रस्त्यांवर १,१३९ माणसं गेली. तेव्हा देशाची लोकसंख्या साधारण ३६ लाख. पुणे शहरापेक्षा फार मोठी नाही.

ओमान त्याआधीच जागा झाला होता, हे फारसं कुणाला माहीत नसतं. रस्त्यावरचे मृत्यू हा साऱ्या जगाचा प्रश्न आहे आणि संयुक्त राष्ट्रांनी त्याच्याकडे त्याच नजरेने बघावं, हा ठराव आमसभेत आणण्यात पुढाकार ओमानचा होता. फुआद अल-हिनाई हे त्यांचे तिथले राजदूत. २२ मे २००३ ला तो ठराव मंजूर झाला. पुढच्या वर्षी, १४ एप्रिल २००४ ला, आणखी एक ठराव झाला आणि या कामाच्या समन्वयासाठी जागतिक आरोग्य संघटनेला बोलावण्यात आलं. त्याच महिन्यात ७ तारखेच्या जागतिक आरोग्य दिनाचा विषयही रस्ता सुरक्षा हाच होता. आज तुम्ही सिडनीत असा किंवा टोरांटोत, 'अपघात म्हणजे नशीब' असं न म्हणता 'अपघात टाळता येतात' ही जी सरकारी भाषा ऐकता, ती जगभर पोचवण्यात या छोट्या देशाचा वाटा आहे. घरातही फरक पडला. कॅमेरे, दंड, परवान्यावर चढणारे काळे पॉइंट्स, शिकवणं, सगळं मिळून २०२० मध्ये मृतांचा आकडा ३७१ पर्यंत खाली आला. ते कोरोनाचं वर्ष होतं हे लक्षात घ्यायचं, आणि नंतर आकडा पुन्हा वाढला, पण २०१२ ची पातळी मागे पडली ती पडलीच.

हा सगळा इतिहास मोटारींचा आहे. पट्टा, वेग, चारचाकीतला फोन. दुचाकी त्यात जवळजवळ नाहीच, कारण मस्कतमध्ये दुचाकी होत्याच किती? उन्हाळ्यात ४५ अंश, मोठाले महामार्ग, पेट्रोल स्वस्त. बाइक म्हणजे हिवाळ्यातल्या सुट्टीची हौस. मग जेवण घरपोच देणारी अ‍ॅप्स आली, कोरोनात ती फोफावली, आणि बघता बघता मागे चौकोनी खोकं बांधलेल्या बाइक प्रत्येक राउंडअबाउटवर दिसायला लागल्या. चालवणारे बहुतेक आपल्याच बाजूचे, भारत, पाकिस्तान, बांगलादेशातले. त्यांनी सोबत परवान्याची कागदपत्रं आणली, आणि सवयीही. हेल्मेटात फोन खुपसण्याची युक्ती मस्कतमध्ये जन्मलेली नाही. तिचा माग काढायचा तर आपल्याकडे यावं लागतं, आणि दुचाकीचा विषय निघाला की पहिलं नाव पुण्याचं.

पुणं आधी सायकलींचं गाव. तिथे आकुर्डीला बजाजचा कारखाना, १९७२ मध्ये बाजारात आलेली चेतक, त्याच वर्षी कायनेटिकची लूना. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघण्याच्या गोष्टी तुमच्या घरातही असतील. कुणाच्या लग्नात ती आधी आली की नवरी, यावर विनोद व्हायचे. कामावर जाणारा बाबा, पुढे उभं राहिलेलं पोर, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई, असं सबंध कुटुंब त्या एका गाडीवर. दुचाकी ही आपल्याकडे चैन कधीच नव्हती. ती बसला पर्याय होती, आणि बस धड नसल्यामुळे वाढत गेली.

फोन त्या गाडीवर लगेच चढला नाही. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा, कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना केलेला. ओमानमध्ये मोबाइल आला १९९६ च्या सुमारास. पण आपल्याकडे तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर, आणि आलेल्या कॉलचेही पैसे! खिशात फोन वाजला की माणूस दचकायचा ते बिलाला. स्कूटरवर बसून गप्पा मारायची ऐपत कुणाला होती? त्या काळाने आपल्याला मिस्ड कॉल दिला. एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोचलो, खाली ये. न बोलता बोलायची ही भाषा गाडी चालवणाऱ्यासाठी अगदी निर्धोक होती, आणि ती निव्वळ कंजूषपणातून आली होती, याची मला गंमत वाटते.

२००३ मध्ये येणारा कॉल फुकट झाला. माझ्या मते आपल्या दुचाकीच्या इतिहासातली ही तारीख कुठल्याही नव्या मॉडेलच्या तारखेपेक्षा मोठी आहे. आता फोन आला की घ्यायचा, त्यात तोटा काहीच नाही. आणि हात तर दोन्ही हँडलवर. मग मान खांद्यावर कलती करून त्यात फोन दाबून धरणारे स्वार दिसायला लागले. आपल्या मुली उन्हाधुळीपासून बचाव म्हणून तोंडाला स्कार्फ गुंडाळायच्या, त्या स्कार्फच्या घडीत फोन बसायला लागला. आणि हेल्मेट घालणाऱ्यांना कळलं की गालाशेजारच्या फोममध्ये फोन अगदी मापात बसतो. डोकं वाचवायला केलेली वस्तू फोनचा स्टँड झाली.

ती वस्तू आली कुठून, तेही बघण्यासारखं आहे. १३ मे १९३५ ला इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यात एका मोटारसायकलस्वाराने दोन सायकलवाल्या मुलांना चुकवताना तोल घालवला आणि सहा दिवसांनी तो गेला. तो होता टी. ई. लॉरेन्स, 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून तुम्ही ज्याचा सिनेमा पाहिला असेल तोच. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. ती केस त्यांच्या डोक्यातून गेली नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी डोक्याला मार लागलेल्या मोटारसायकलस्वारांचा अभ्यास केला, १९४१ मध्ये तो छापला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. हे स्वार म्हणजे मुख्यतः संदेशवाहक. कागद घेऊन अंधारात, दिवे झाकून, या छावणीतून त्या छावणीत वेळेत पोचायचं हे त्यांचं काम. म्हणजे तेव्हा हेल्मेट सक्तीने ज्यांच्या डोक्यावर चढलं ती माणसं दुसऱ्यांची वस्तू वेळेवर पोचवणारीच होती. साध्या नागरिकांना ब्रिटनमध्ये ते सक्तीचं व्हायला १९७३ उजाडलं.

आणि पुण्यात? पुण्यात अजून वाद संपलेला नाही. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी हेल्मेटसक्ती कडक केली, तेव्हा विरोधासाठी रीतसर कृती समिती उभी होती. मान दुखते, शहरात वेग कुठे असतो, केस गळतात. हसू येतं खरं, पण २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती, हे वाचल्यावर फार वेळ हसता येत नाही.

आता संशोधनाकडे. कानाशी फोन धरला की एक हात अडकतो, म्हणून धोका, असं आपण समजतो. हेल्मेटात खुपसणाऱ्याचंही तेच म्हणणं: हात मोकळे आहेत ना, मग काय बिघडलं? १९९७ मध्ये टोरांटोच्या रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोघांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांची फोनबिलं तपासली. कॉल चालू असताना अपघाताचा धोका साधारण चौपट. आणि हातात न धरता बोलणाऱ्यांचा धोका कमी आढळला नाही. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातही चौपटच निघाला. म्हणजे खरी अडचण हातात कमी आणि डोक्यात जास्त. मागे बसलेला माणूस तुमच्याशी बोलतो तेव्हा त्याला समोरचा ट्रक दिसतो, आणि तो आपोआप गप्प बसतो. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही. तो फार्मसीच्या पुढून वळायला सांगत राहतो.

हे दोन्ही अभ्यास मोटारींचे. दुचाकीवर त्यात आणखी भर पडते. डाव्या हाताला क्लच, उजव्याला पुढचा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, दोन्ही पायांना काम, वर तोल सांभाळायचा. मोकळा हात असा नसतोच. स्क्रीनकडे दोन सेकंद नजर गेली तर ताशी ६० किलोमीटरने गाडी तेवढ्यात ३३ मीटर पुढे गेलेली असते. मोटारीत चूक झाली तर पत्रा चेपतो. बाइकवर पत्र्याच्या जागी तुम्हीच असता.

कायदा काय म्हणतो? भारताचा मोटार वाहन कायदा १९८८ चा, मोबाइलच्या आधीचा. नंतर न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितलं की गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्याचा परवाना निदान तीन महिने निलंबित करा. २०१९ च्या दुरुस्तीत हातात फोन धरून चालवणं थेट धोकादायक ड्रायव्हिंगच्या कलमात गेलं, पहिल्या वेळी १ हजार ते ५ हजार रुपये दंड. आणि लगेच १ ऑक्टोबर २०२० पासून एक खिडकी उघडली गेली: रस्ता शोधण्यापुरता फोन वापरता येईल, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. ओमानमध्येही हातातला फोन म्हणजे दंड आणि काळे पॉइंट्स.

हे सगळे नियम डोळ्यापुढे एक विशिष्ट माणूस ठेवून केलेले दिसतात: मित्राशी गप्पा मारत चाललेला, थांबला तर काही बिघडणार नाही असा बेफिकीर चालक. २००३ च्या पुण्यात तो होता. पण २०२० ची ती खिडकी बघा. तेव्हा सरकारलाही कळलं होतं की फोन आता गप्पांची वस्तू उरलेली नाही. डिलिव्हरीवाल्याच्या हँडलवरचा फोन हा त्याचा मुकादम असतो. कुठून काय उचल, किती वाजता पोच, उशीर किती झाला, पुढची ऑर्डर घेतोस का, सगळं त्यावर. काही सेकंदांत बोट लावलं नाही तर ऑर्डर दुसऱ्याला जाते. आखातात असे बरेच रायडर अ‍ॅपच्या थेट नोकरीत नसून मधल्या कंत्राटदाराकडे असतात आणि कमाई फेऱ्यांवर ठरते, म्हणजे ती गेलेली ऑर्डर हा थेट खिशातला तोटा. बाजूला थांबून फोन बघायचा तर महामार्गाच्या कडेला थांबायचं कुठे?

मस्कतमध्ये त्यात पत्त्याची भानगड. ओमानमध्ये टपाल घरी येत नाही, पोस्ट ऑफिसातल्या पेटीत येतं. पत्र घेऊन दारोदार फिरणारा पोस्टमन तिथल्या शहराला कधी लागलाच नाही. गल्ल्यांना 'वे नंबर' असतो, इमारतीला क्रमांक असतो, पण तोंडी पत्ता द्यायची रीत खुणांची: अमुक बँकेच्या मागे, तमुक मशिदीसमोर, पांढरी इमारत. (सगळ्या इमारती पांढऱ्या असतात.) आपल्याला हे नवीन नाही, आपणही मारुतीच्या देवळासमोर, पिठाच्या गिरणीच्या वर राहणारी माणसं. फरक एवढाच की सदाशिव पेठेत चुकलेला माणूस चालत असतो आणि चार जणांना विचारतो. इथे तो बाइकवर, रात्री, अनोळखी भाषेत. विचारणार फोनलाच. अशा शहरात रायडरचा फोन बंद करा म्हणणं सोपं आहे, पण मग जेवण तुमच्यापर्यंत पोचणार कसं, ते कुणीच सांगत नाही.

कॉल करणाऱ्यांमध्ये आणखी एक माणूस असतो. "पोचलास का?" विचारणारा. आपल्या घरातून कुणी बाहेर पडलं की "पोचलास की कळव" म्हणायची रीत जुनी. आधी त्यासाठी पोस्टकार्ड होतं, 'सुखरूप पोचलो'. मग एसटीडी बूथ, मग ती दोन रिंगांची खूण. पोस्टकार्ड माणूस पोचल्यावरच लिहायचा, हे विसरू नका. आज आई, बायको, मुलगी वाट न बघता मधेच फोन करते, कारण करता येतो. आणि रस्त्यावरचा मुलगा तो उचलतो, कारण नाही उचलला तर ती घाबरेल. मस्कतच्या रायडरला गावाकडून व्हिडिओ कॉल येतो तो तिकडच्या सवडीने, आणि भारतातले रात्रीचे साडेनऊ म्हणजे मस्कतचे आठ. ऐन ऑर्डरींची वेळ.

यावर उपाय म्हणून हेल्मेटातलं ब्लूटूथ दाखवलं जातं. नव्वदच्या दशकातला तो टोरांटोचा अभ्यास माहीत असताना मला त्याचा उत्साह वाटत नाही. त्यापेक्षा बाइक हलती असताना ऑर्डर न दाखवणारं अ‍ॅप करणं अवघड नाही, कारण बाइक किती वेगाने चाललीय हे अ‍ॅपला सेकंदासेकंदाला कळत असतं. ते कुणी करत नसेल तर त्याला कारण तांत्रिक नाही. राजदूत पाठवून सगळ्या जगाला रस्ता सुरक्षेवर बोलायला लावणाऱ्या देशाने ही अट घातली, तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही.

मी तेव्हापासून फोन लावत नाही. ऑर्डर देतानाच लोकेशन पाठवतो आणि लिहितो, खाली गेटशी उभा आहे, निळा शर्ट. मागच्या खेपेला असाच खाली उभा होतो. गल्लीच्या तोंडाशी एक बाइक येऊन थांबली. त्याने इंजिन बंद केलं, पाय टेकला, हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं आणि दिव्याच्या खाली निवांत स्क्रीन वाचत बसला. मी हात हलवला. त्याचं लक्ष नव्हतं. दोन-तीन मिनिटं तसाच वाचत होता, मधे एकदा हसलाही. बहुतेक घरचा मेसेज असावा.